दोनशे सतरा नंबर ठीक आहे

आमच्या मामाबरोबर रस्त्यानं चालायचं म्हणजे डोक्याला ताप. सगळं जग चालताना दुकानांच्या पाट्या बघतं, येणारीजाणारी माणसं बघतं. मामा जमीन बघतो. दर पन्नास पावलांवर थांबतो, बुटाच्या टाचेनं एखाद्या लोखंडी झाकणावर टकटक करतो आणि ओळख करून देतो. "हा एकशे बारा. आखडू आहे, पण मनानं चांगला. तो पलीकडचा एकशे तेरा, त्याला कधी जोर लावायचा नाही." मी शाळेत होते तेव्हा बरोबर मैत्रिणी असायच्या, आणि माझा सख्खा मामा भर रस्त्यात त्यांना झाकणांचे स्वभाव समजावून सांगायचा. धरणीनं पोटात घ्यावं असं व्हायचं मला.

मामा पाणीखात्यात व्हॉल्व्हमन आहे. रस्त्याखालून पाण्याचे पाइप जातात, त्यांवर जागोजागी व्हॉल्व्ह असतात, प्रत्येक व्हॉल्व्हला एक चेंबर आणि चेंबरवर झाकण. कुठे पाइप फुटला, कुठे दुरुस्ती निघाली की झाकण उचलायचं, कमरेएवढी उंच लोखंडी चावी आत सोडायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. आमच्या विभागात असे तीनशे चाळीस आहेत. मामाला ते तोंडपाठ. साहेब बदलले, नकाशे उंदरांनी खाल्ले, पण मामा होता म्हणून कोणाचं काही अडलं नाही. सगळं ऑफिस त्याला मामाच म्हणतं. त्यामुळे मी तिथे नोकरीला लागले तेव्हा माझ्या सख्ख्या नात्याला काही किंमतच उरली नव्हती.

ही नोकरी त्याला माझ्या आईनं लावली. आई त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आजी-आजोबा लवकर गेले. आईनंच त्याला वाढवलं, बदडलं, शिकवलं, त्याचा अर्ज भरला आणि मुलाखतीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायला लावून ऑफिसच्या दारापर्यंत सोडून आली. आज मामा बावन्न वर्षांचा आहे, पण आईनं नुसती हाक मारली तरी उठून उभा राहतो. साहेबांना तो भीत नाही. ताईला भितो.

नोकरीला लागला तेव्हा त्याच्या आधीचे व्हॉल्व्हमन निवृत्त होत होते. त्यांना तो उस्ताद म्हणायचा. उस्तादांनी त्याला नऊ दिवस पायी फिरवलं आणि एकेक झाकण उघडून दाखवलं. हा किती आट्यांत बंद होतो, हा कुठे अडतो, ह्याच्या चेंबरमध्ये हात घालण्याआधी काठी का फिरवायची, सगळं. जुन्या भागात बारा व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचे होते. बाकीचे उजवीकडे फिरवले की बंद होतात; हे बारा उजवीकडे फिरवले की उघडतात. त्यांच्या झाकणांवर उस्तादांनी हिरव्या रंगाचा ठिपका दिला होता. मामा तो ठिपका दरवर्षी ताजा करत आला.

सातव्या दिवशी ते ऑफिसच्याच कोपऱ्यावर पोचले. आमचं ऑफिस एका चढाच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. उस्तादांनी दोनशे सोळा दाखवला, मग भिंतीकडे हात करून म्हणाले, "आणि दोनशे सतरा इथंच आहे." एवढं बोलून ते पुढे चालायला लागले. मामानं विचारलं, "इथंच म्हणजे कुठे?" उस्ताद म्हणाले, "इथंच रे. दरवर्षी ठीक लिहायचं."

नवा माणूस, त्यात सहा दिवस पाय तुटेस्तोवर चाललेला. दुसऱ्यांदा विचारायची त्याला लाज वाटली. ही जी एवढीशी लाज वाटली ना, तीच पुढे सव्वीस वर्षं चालली.

कारण दरवर्षी फिरवणी असते. प्रत्येक व्हॉल्व्ह वर्षातून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, नाहीतर तो गंजून जागच्या जागी बसतो. आणि रजिस्टरात नंबरासमोर लिहायचं: "फिरवला. ठीक." रजिस्टरात दोनच रकाने, ठीक आणि नादुरुस्त. पहिल्या वर्षी मामानं दोनशे सतरा खरोखर शोधला, चार दिवस फुटपाथ ठोकत बसला, आणि सापडला नाही तरी ठीक लिहिलं. दुसऱ्या वर्षी शोधल्यासारखं केलं. तिसऱ्या वर्षी सरळ "ठीक" लिहिलं, आणि मग त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं. हे सगळं मला अगदी शेवटी कळलं. तोवर मी जगभर सांगत होते की आमच्या मामाला तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस पाठ आहेत.

आता आमच्या घराचं सांगते. आम्ही त्याच चढाच्या गल्लीत, वरच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते, तीही तिच्या मर्जीनं. खाली अंगणात मात्र बऱ्यापैकी पाणी असतं. म्हणून रोज सकाळी खालून बादल्या भरून आणायच्या. बाबा होते तोवर ते आणायचे, नंतर आई आणि मी. तिसरा मजला म्हणजे चोपन्न पायऱ्या. माझी उंची कमी राहिली ती त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर काही म्हणोत.

आई मामाला दर भेटीत विचारायची, "अरे, तू पाणीखात्यात, आणि तुझ्या बहिणीच्या घरी पाणी नाही. लोक काय म्हणतील?"

मामाचं उत्तर ठरलेलं. "ताई, तुमचा चढ आहे. चढाला कोण काय करणार?"

"मी लग्न करून आले तेव्हा येत होतं की."

"तेव्हा वस्ती कमी होती."

आईनं तक्रारअर्जही केले. एकूण चौदा. तिचं अक्षर सुंदर आहे आणि राग आला की आणखी सुंदर होतं. अर्ज मामाच्याच हातात द्यायची. तो इमानदारीत ऑफिसात नेऊन शिक्का मारून घ्यायचा. उत्तर एकच यायचं: सदर भाग चढावर असल्याने दाब कमी आहे.

मग खात्यात टॅबलेट आले.

सगळ्यांना वाटलं होतं मामा कटकट करणार. बावन्न वर्षांचा माणूस, कागदावर वाढलेला. पण झालं उलटंच. मामा त्या टॅबलेटवर भाळला. जुन्या टॉवेलात गुंडाळून तो पिशवीत घालायचा, ऊन लागलं की त्याच्यावर टोपी धरायचा, स्वतःच्या डोक्यावर नाही. काम असं होतं: उरल्यासुरल्या जुन्या नकाशावरून प्रत्येक व्हॉल्व्हची अंदाजे जागा टॅबलेटमध्ये घातलेली, माणसानं तिथे जायचं, खरा व्हॉल्व्ह शोधायचा, झाकण उघडून फोटो काढायचा, स्थिती भरायची आणि पाठवायचं. जागेपासून वीस मीटरच्या आत नसलात तर टॅबलेट सांगायचा, "आपण ठिकाणापासून दूर आहात." मामा त्याच्याशी भांडायचा. "दूर मी नाही, तुझा नकाशा दूर आहे. सरक इकडे."

हे फोटो यायचे ते माझ्याकडे. मी नव्या नकाशा कक्षात लागले होते. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. दोन संगणक, एक पंखा आणि दाराच्या जागी पडदा. आलेला फोटो बघायचा, नंबर जुळवायचा आणि "मंजूर" दाबायचं. दाबलं की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरचा लाल ठिपका हिरवा व्हायचा. दुसऱ्या विभागांतून नुसते फोटो यायचे. मामाच्या फोटोंबरोबर शेऱ्याच्या चौकटीत त्याचं अख्खं पुराण यायचं. "झाकणावर शिंप्याची मोटार उभी असते, दोनदा बेल वाजवावी, शिंपी झोपाळू आहे." "उलटे आटे, हिरवा ठिपका, घाई करणाऱ्यानं हात लावू नये." "येथे कुत्री आहे. चावत नाही पण तिला तसं सांगू नये."

नव्या इंजिनिअरबाई हे शेरे मोठ्यानं वाचायच्या आणि हसायच्या. बाई वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, बोलायला तुटक, पण कामाच्या. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की येत्या शुक्रवारी सगळ्या साहेबांसमोर आपल्या विभागाचा नकाशा उघडायचा. पहिला पूर्ण हिरवा नकाशा आपला. आणि तो उघडणार मामा. त्यानंतर बाकीच्या विभागांतल्या व्हॉल्व्हमनना शिकवायचं कामही त्याच्याकडेच.

आईला कळलं तेव्हा तिनं कपाटातून त्याच्यासाठी नवा शर्ट काढला. कधी आणून ठेवला होता कोण जाणे.

बुधवारी शेवटचे दहा फोटो आले. मी दाबत सुटले, मंजूर, मंजूर, मंजूर, आणि दोनशे सतरावर माझं बोट थांबलं. झाकण ओळखीचं वाटलं. फोटोच्या कडेला मामाच्या बुटाचं टोक आलं होतं; ते बूट मी त्याला घेऊन दिलेले, पहिल्याच आठवड्यात डाव्या टोकावर त्यानं चावी आपटून चीर पाडली होती. मी दोनशे सोळाचा फोटो उघडून शेजारी ठेवला. तेच झाकण, तीच कोपऱ्यात तुटलेली कडी, तोच बूट. फक्त मामा पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता. दोन्ही जागा वीस मीटरच्या आत, म्हणून टॅबलेट बिचारा फसला. त्याला बूट ओळखता येत नाहीत.

मी चिडकी आहे, हे माझ्या घरचे कोणीही सांगतील. जेवणाच्या सुट्टीत मी मामाला पडद्यामागे ओढलं आणि दोन्ही फोटो त्याच्यासमोर धरले. "हे काय आहे?"

त्यानं बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. आणि सगळं सांगितलं. उस्ताद, सातवा दिवस, चार दिवसांचं ठोकणं, सव्वीस वेळा लिहिलेलं ठीक.

"मंजूर कर ना," तो म्हणाला. "एकच आहे. तीनशे एकोणचाळीस खरे आहेत, तुला माहीत आहे."

"आणि उद्या कोणी तो उघडायला गेला तर?"

"सव्वीस वर्षांत कोणी गेलं नाही."

"मामा, तू मला खोटं बोलायला सांगतोयस."

"साहेबांचं काही नाही गं," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "फार तर एक कागद देतील. पण ताईला कळलं तर? मला जमिनीखालचं सगळं दिसतं असं ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगते. तिनं माझा अर्ज भरलाय."

त्याचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि राग गेल्याचाच मला जास्त राग आला. मी मंजूरही दाबलं नाही आणि नामंजूरही नाही. उद्या बघू म्हटलं. भिंतीवर तीनशे एकोणचाळीस हिरव्या ठिपक्यांत तो एक लाल ठिपका दिवसभर माझ्याकडे बघत राहिला.

गुरुवारी सकाळी बाईंनी आम्हा सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं. आदल्या आठवड्यात पाइपांवर दाब मोजणारी यंत्रं बसवली होती. त्यांचे आकडे सुरू झाले होते. बाई एकेक गल्ली दाखवत होत्या. आमच्या गल्लीपाशी थांबल्या.

"हे बघा. ऑफिसच्या कोपऱ्याच्या अलीकडे दाब चांगला आहे. पलीकडे एकदम पडतो."

"चढ आहे तिथे," मामा म्हणाला. सवयीनं.

"चढाचं गणित मी केलंय, मामा. चढानं एवढा पडत नाही. आणि चढानं पडला तर हळूहळू पडेल, एका जागी पायरीसारखा कसा पडेल? मध्ये कुठला तरी व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे." बाई नकाशाजवळ गेल्या. "ह्या दोन यंत्रांच्या मध्ये एकच आहे. दोनशे सतरा. हा लाल का आहे अजून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मामाकडे बघितलं नाही, पण मला त्याचा श्वास ऐकू आला. त्याला त्या क्षणी काय कळलं ते मलाही त्याच क्षणी कळलं. आमच्या चोपन्न पायऱ्या, आईचे गुडघे, ते चौदा अर्ज. चढ कधी नव्हताच. होता, पण एवढा नव्हता.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मला आजही माहीत नाही. मामानं हात वर केला, वर्गात करतात तसा.

"बाई, तो लाल आहे कारण तो सापडलेला नाही. मला तो कधीच सापडला नाही. सव्वीस वर्षं मी ठीक लिहिलं. फोटो पाठवला तो दोनशे सोळाचा आहे. पोरीचा काही दोष नाही, तिनं ओळखला म्हणूनच लाल आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग शोधू या," त्या म्हणाल्या. "तुमची सळई आणा."

सळई म्हणजे मामाचं खरं हत्यार. छातीएवढी उंच लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडी वाटी. खालचं टोक जमिनीवर टेकवायचं, वाटी कानाला लावायची. खालून पाणी कसं जातंय ते ऐकू येतं. मोकळं पाणी घुमतं. अर्धवट बंद व्हॉल्व्हमधून जाणारं पाणी सुसू करतं. बाईंच्या आकड्यांनी शंभर पावलांचा टप्पा दाखवला, पुढचं काम कानाचं. मामा कोपऱ्यापासून निघाला. सळई टेकव, ऐक, दोन पावलं सरक. आम्ही सगळे मागून, कोणी बोलायचं नाही. एक फुलवाली तेवढी म्हणाली, "काय हरवलंय हो?" मामा म्हणाला, "अब्रू."

तो फुटपाथवरून सरकत सरकत आमच्याच ऑफिसच्या भिंतीला येऊन टेकला. तिथे सळई लावली, ऐकलं, आणि भिंतीकडे बघत राहिला. मग दारातून आत गेला, तक्रारखिडकीसमोरून, माझ्या पडद्यासमोरून, थेट रेकॉर्ड रूममध्ये. तिथे जुन्या रजिस्टरांचं मोठं लोखंडी कपाट होतं. कपाटाच्या पायापाशी त्यानं सळई टेकवली आणि डोळे मिटले.

"इथंच," तो म्हणाला.

मला हसू फुटलं. आधी मला, मग कारकुनाला, मग बाईंनासुद्धा. रेकॉर्ड रूम म्हणजे तीस वर्षांपूर्वी फुटपाथवर वाढवलेला भाग. भिंत पुढे घेतली तेव्हा चेंबर आत आलं आणि वर फरशी बसली. उस्तादांनाही तेव्हा कोणाला विचारायची लाजच वाटली असणार. ज्या कपाटात दोनशे सतरा ठीक असल्याची सव्वीस रजिस्टरं ठेवली होती, ते कपाट दोनशे सतराच्या बोकांडी बसलं होतं. रजिस्टरांखालच्या कप्प्यात तक्रारींची फाइल होती. तिच्यात माझ्या आईचे चौदा अर्ज, शिक्क्यासकट. मी ते बघितले आणि माझं हसणं जरा वेळानं थांबलं.

कपाट हलवलं. गवंडी आला, चार फरशा निघाल्या. खाली झाकण होतं, गंजून लाल झालेलं. घासल्यावर कडेला दिसेल न दिसेल असा हिरवा रंग निघाला. पण तो ठिपका होता की नुसतंच शेवाळ, कोणाला सांगता येईना. गवंड्यानं चावी आत सोडली आणि जोर लावायला पाय रोवले.

"थांबा!" मामा ओरडला. मी त्याला इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. "चुकीच्या बाजूला फिरवलात तर हा तुटेल, आणि गल्लीला जेवढं येतंय तेवढंही जाईल."

त्यानं चावी स्वतःकडे घेतली. एका हातात चावी, दुसऱ्या हातानं सळई कानाला. डावीकडे, बाकीचे उघडतात त्या बाजूला, अगदी बोटभर फिरवलं. ऐकलं. "आवाज बारीक झाला," तो म्हणाला. "म्हणजे बंद होतोय. उलट्या आट्यांचाच आहे हा, तेरावा." तीस वर्षांपूर्वी काय झालं असेल ते मग आम्हाला कळलं. बांधकामासाठी कोणी पाणी कमी केलं असणार, आणि नंतर उलटे आटे माहीत नसलेला दुसराच कोणीतरी पुन्हा उघडतो म्हणून भल्या मनानं आणखी बंद करून गेला असणार.

मामानं चावी उजवीकडे वळवली. हलेना. थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे. मध्येच तो व्हॉल्व्हशी बोलायला लागला, ये बाबा, चुकलं आमचं, ये. बाई टॅबलेट धरून उभ्या. "वाढला," त्या म्हणाल्या. "अजून. अजून वाढला. मामा, अजून!" त्या तुटक बोलणाऱ्या बाई उड्या मारत होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई.

"अगं, लवकर ये! नळाला काय झालंय बघ! मी चहाचा मग धुवायला धरला तर हातातून उडाला, भिंतीवर जाऊन आपटला. माझी साडी भिजली. बंद करू की नको?"

"नको करूस," मी म्हटलं.

पुढचं ऑफिसचं थोडक्यात सांगते. मामाला नोटीस आली, खोट्या नोंदी का केल्या याचं कारण द्या. त्यानं दोन शब्दांत उत्तर दिलं: "लाज वाटली." बाईंनी त्यावर सही करून फाइल बंद केली. आणि मग त्यांनी एक काम केलं. टॅबलेटमध्येही रजिस्टरासारखेच दोन पर्याय होते, ठीक आणि नादुरुस्त. इतकं महागडं यंत्र, पण माणसाला माहीत नाही म्हणायची सोय त्यातही कोणी ठेवली नव्हती. बाईंनी तिसरं बटण घालून घेतलं: "सापडत नाही". पहिल्याच आठवड्यात बाकीच्या विभागांतून त्रेचाळीस व्हॉल्व्ह त्या बटणाखाली आले. शुक्रवारी नकाशा मामानंच उघडला, आणि शिकवण्याचं कामही त्याच्याकडेच राहिलं. पहिल्या दिवशी तो सगळ्यांना हेच तिसरं बटण दाबायला शिकवतो, सरावासाठी, सगळ्यांकडून दोनदा.

पण त्या गुरुवारी दुपारी त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्याला फक्त ताईला तोंड दाखवायचं होतं. मी त्याला घरी घेऊन गेले. चोपन्न पायऱ्यांत तो नऊ वेळा थांबला. दारात पोचला आणि आत येईना. आई ओल्या साडीत, केस चिकटलेले, चेहरा असा उजळलेला की मी तिला ओळखलं नसतं.

"आलास? बघ तरी! तूच केलंस ना रे हे?"

"मीच केलं, ताई," मामा म्हणाला. "इतकी वर्षं पाणी आलं नाही, तेही मीच केलं होतं." आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, बुटाचंसुद्धा नाही.

आई ऐकत होती. मागे नळ धो धो चालू होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "माझे अर्ज?"

"त्याच्याच डोक्यावर होते."

आई आत गेली. मला वाटलं आता काही खरं नाही. ती बाहेर आली ती हिरवी बादली घेऊन, जिची कडी आम्ही तीनदा बदलली आहे. ती तिनं मामाच्या हातात दिली.

"खाली जा. अंगणातून भरून आण. एकच."

"ताई, पण आता वर पाणी..."

"एकच म्हटलं ना मी."

मामा खाली गेला. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहून ऐकत होतो. बादली भरल्याचा आवाज, मग पावलं. पहिल्या मजल्यापर्यंत बरी होती. दुसऱ्या मजल्यावर बादली खाली टेकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. आईनं कठडा घट्ट धरला होता. जाऊन हात लावू का, असं मी डोळ्यांनीच विचारलं. तिनं मान हलवली. मग पुन्हा पावलं.

तो वर आला तेव्हा घामानं निथळत होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते श्रमाचं नव्हतं. त्यानं बादली तिच्या पायाशी ठेवली. आईनं पेला आणला, बादलीत बुडवला, दारातच उभं राहून सगळा प्यायली, आणि पदरानं तोंड पुसलं.

"ठीक," ती म्हणाली.

मग तिनं त्याचा हात धरून त्याला आत ओढलं आणि मला सांगितलं, "अगं, नळ बंद कर आधी. पाणी वाया जातंय."